दहाव्या प्रयोगाच्या आत

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. शाळेत मराठी शिकवतात. दोनेक महिन्यांपूर्वी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही इतकी नाटकं बघता. रविवारी पाहुणे येताहेत. एखादं चांगलंसं नाटक सांगा ना." मला कुणी असं विचारलं की फार बरं वाटतं. मी खिशातली वही काढायला लागलो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण ओळखीच्या नटांचं सांगा हं. आणि लेखकही जरा नाव ऐकलेला असू द्या. उगीच नवीन काहीतरी नको."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चार माणसांची तिकिटं, जायची-यायची रिक्षा, मध्यंतरातला बटाटेवडा आणि चहा असा हिशेब मांडला तर नाटक ही काही स्वस्तातली करमणूक राहिलेली नाही. शिवाय रविवारची दुपार जाते ती वेगळीच. एवढं सगळं करून पाहुणे पहिल्या अंकातच घड्याळ बघायला लागले, तर यजमानाचा चेहरा कसा होतो ते मी अनुभवलेलं आहे. म्हणून मी त्यांना एक चालू असलेलं, नावाजलेलं नाटक सांगितलं. त्या खूश होऊन गेल्या. मी मात्र वर येईपर्यंत स्वतःवर चिडलेला होतो. माझ्या वहीत सगळ्यात वर जे नाव होतं, ते मी सांगितलंच नव्हतं.

आज मला बोलायचंय ते अशा न सांगितलेल्या नावांबद्दल. नव्या नाटककारांची नवी नाटकं कुणाला सांगावीत, कशी सांगावीत आणि कधी सांगावीत, याबद्दल. त्यातलं 'कधी' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पुस्तक आज खपलं नाही तरी ग्रंथालयाच्या कपाटात दहा वर्षं वाट बघत उभं राहू शकतं. सिनेमा पडला तरी कधीतरी टीव्हीवर लागतो. नाटकाचे प्रयोग थांबले, की सेट गोदामात जातो, नट दुसऱ्या तालमीला लागतात आणि ते नाटक दोन-अडीचशे माणसांच्या आठवणीपुरतं उरतं. त्यातून लेखक नवा असेल तर निकाल फारच लवकर लागतो. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. ते झालं की नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, नटांची नाइट, सामान नेणारा टेम्पो. हा खर्च पहिल्या प्रयोगाला जेवढा, जवळजवळ तेवढाच दहाव्याला. नाववाला नट असेल तर लोक शुभारंभाच्या प्रयोगालाच येतात. नवा लेखक आणि नवी मुलं असतील तर लोक म्हणतात, "बघू, आधी कुणीतरी बघून येऊ दे." तो कुणीतरी बघून येतो, आठवड्याने ऑफिसात बोलतो, ऐकणारा पुढच्या महिन्यात जायचं ठरवतो. तोवर निर्मात्याचे पैसे संपलेले असतात. मी इतकी वर्षं बघत आलोय, साधारण दहा प्रयोगांच्या आत काय ते ठरून जातं. नाव पायी चालत पसरतं आणि खर्च मोटारीतून येतो.

याचा सर्वांत गाजलेला दाखला लंडनचा आहे. १९५८ च्या मे महिन्यात तिथल्या हॅमरस्मिथ भागातल्या लिरिक थिएटरात एका जवळजवळ अनोळखी तरुणाचं नाटक लागलं. तरुणाचं नाव हॅरल्ड पिंटर आणि नाटकाचं 'द बर्थडे पार्टी'. पिंटर तोपर्यंत नट म्हणून गावोगावच्या कंपन्यांतून कामं करत असे. बहुतेक दैनिकांच्या समीक्षकांनी हे नाटक झोडपून काढलं. गुरुवारी दुपारच्या प्रयोगाला पिंटर स्वतः जाऊन बघतो, तर प्रेक्षागृहात सहा माणसं. आठ प्रयोग झाले आणि शनिवारी नाटक बंद पडलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, 'संडे टाइम्स'मध्ये हॅरल्ड हॉब्सन या ज्येष्ठ समीक्षकाचं परीक्षण छापून आलं. लंडनच्या रंगभूमीवर आज या तरुणाइतकी स्वतंत्र आणि अस्वस्थ करणारी प्रतिभा दुसऱ्या कुणाची नाही, असा त्याचा आशय होता. शिफारस खरी होती, मनापासून केलेली होती. फक्त एक दिवस उशिरा आली.

पिंटर त्यातून तरला. कसा तरला, ते रेडिओवरून सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो. बीबीसीच्या रेडिओने त्याच्याकडून नाटक लिहून मागितलं. ती 'अ स्लाइट एक' नावाची नभोनाटिका १९५९ मध्ये प्रसारित झाली. १९६० मध्ये 'द केअरटेकर' आलं आणि लोक त्याच्या नावाने तिकीट काढायला लागले. २००५ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. पण ज्यांच्या दारी रेडिओही आला नाही आणि रविवारचं परीक्षणही आलं नाही, अशा नाटककारांची मोजदाद कोण करणार?

आपल्याकडे विजय तेंडुलकरांचं 'गृहस्थ' १९५५ मध्ये रंगमंचावर आलं आणि सपशेल पडलं. पुन्हा नाटक लिहायचं नाही, अशी शपथ त्यांनी तेव्हा घेतली होती. शपथ फार दिवस टिकली नाही, हे आपलं नशीब. टिकली असती तर १९६७ चं 'शांतता! कोर्ट चालू आहे' नाही आणि १९७२ चं 'घाशीराम कोतवाल'ही नाही.

महेश एळकुंचवारांची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. तरुणपणी एकदा सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नाटकाला जाऊन बसले. नाटक होतं तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' आणि दिग्दर्शन विजया मेहतांचं. ते बघून आपणही नाटक लिहावं असं त्यांना वाटलं. पुढे त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात आली, विजयाबाईंच्या नजरेस पडली आणि त्यांनी या नवख्या लेखकाच्या एकांकिका करायला घेतल्या. १९८५ मध्ये 'वाडा चिरेबंदी' आलं, तेही विजयाबाईंच्याच दिग्दर्शनाखाली. आज हे सगळं सरळ रेषेत घडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्यात एक न मिळालेलं तिकीट आहे, मासिकाचा एक अंक आहे आणि तो अंक वेळेवर उघडणारी एक व्यक्ती आहे. यातलं एखादं जरी चुकलं असतं तरी काय झालं असतं कोण जाणे.

आता माझ्या स्वतःच्या चुकलेल्या वेळेबद्दल सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

नोकरीत असताना मी एकदा उत्साहाच्या भरात ऑफिसातल्या बावीस जणांना एक प्रायोगिक नाटक बघायला घेऊन गेलो होतो. नाटक मला मनापासून आवडलं होतं. त्यात एक माणूस खुर्चीवर बसून बराच वेळ नुसतं पाणी पितो. किती वेळ ते सांगत नाही, तुम्हीही हसाल. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात मी पाण्याचा ग्लास उचलला की कुणीतरी म्हणायचं, "साहेब, मध्यंतर आहे ना?" हे निवृत्त होईपर्यंत चाललं. निरोप समारंभात मला काचेचा तांब्या-भांडं देण्यात आलं. मंडळी प्रेमळ होती, पण माझ्या मनाने धसका घेतला तो घेतलाच. लोकांना नवं नाटक सांगणं मी सोडून दिलं.

पुढे निवृत्तीनंतर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बघायला मी एका जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि आपल्या कितीतरी लेखक-नटांनी पहिलं पाऊल तिथे टाकलेलं आहे. मंगळवार होता, प्रेक्षक जेमतेम तीस. नाटक होतं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं. एका शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा काट्यावर कारकून म्हणून लागतो. प्रत्येक गाडीमागे किती किलो कमी दाखवायचे, हे त्याला वरून सांगितलेलं असतं. एका रात्री रांगेत त्याच्या बापाचीच उसाची गाडी येते. बाप काही विचारत नाही. मुलगा काट्याकडे बघतो, पावती लिहितो, बापाच्या हातात देतो. बाप ती न वाचता घडी करून टोपीत ठेवतो आणि बैलांना हाक देतो. बस, एवढंच. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, ती शेवटपर्यंत पुन्हा डोक्यावर घातली नाही.

दोष होते. दुसऱ्या अंकात सरकारच्या धोरणावर एक भाषण होतं, ते संपता संपत नव्हतं. हशा मिळावा म्हणून एक चहावाला घातला होता, तो नको होता. नव्या लेखकाचं नाटक सहसा वीस मिनिटं जास्त असतं. पुन्हा लिहायला मिळेल की नाही याची खात्री नसल्याने तो सगळं एकाच नाटकात सांगून टाकतो. पण तो टोपीचा प्रवेश लिहिणारा माणूस नाटककार होता, यात मला शंका नव्हती.

प्रयोग संपल्यावर तो पायऱ्यांवर उभा होता. पंचवीस-सव्वीसचा असेल. पतसंस्थेत नोकरी करायचा. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "सर, पुढच्या रविवारी सकाळी पुण्यात प्रयोग लावलाय, छोट्या हॉलमध्ये. चार माणसं घेऊन या ना." मी म्हटलं, "नक्की."

रविवार आला. चार माणसं म्हणजे कोण, याचा विचार करत मी फोनजवळ बसलो. एकेक नाव डोळ्यांपुढे आलं आणि प्रत्येक नावाबरोबर तो पाण्याचा ग्लासही आला. मी स्वतःची समजूत घातली, की एक-दोन प्रयोग होऊ देत, नाटक जरा बसू दे, मग सगळ्यांना घेऊन जाऊ. मी एकटाही गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा हॉलला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "ते काट्याचं ना? बंद झालं. दोनच झाले."

चार-पाच वर्षांनी तो मला एका एसटी स्टँडवर भेटला. त्यानेच ओळखलं. चहा पाजला. मी खजील होऊन काहीतरी बोलायला लागलो, तर तोच मला सावरून घेत म्हणाला, "नाही सर, तुमचं कशाला मनाला लावून घेता? त्या दिवशी अकरा जण होते. त्यातले सहा आमचेच." मग म्हणाला, दुसरं नाटक लिहायला घेतलं होतं, पहिला अंक झाला होता. पुढे नाही लिहिलं. "कुणासाठी लिहायचं, हे कळलं पाहिजे ना सर," एवढं म्हणून तो गाडीत चढला.

तेव्हापासून मी वही ठेवायला लागलो आणि, वेंधळेपणाने का होईना, पुन्हा सांगायलाही लागलो. शिफारस हा शब्द आपल्याकडे जरा बदनाम आहे, त्याला वशिल्याचा वास येतो. पण नाटकाची शिफारस म्हणजे माणूस आणि नाटक यांची सोयरीक जुळवणं. आणि सोयरीक जुळवताना दोन्हीकडची खरी माहिती द्यावी लागते. 'अप्रतिम', 'चुकवू नये असं', 'जबरदस्त' हे शब्द मी टाकून दिले. आता मी सांगतो की अडीच तासांचं आहे, खुर्च्या टोचतात, दुसरा अंक रेंगाळतो, पण बाप-लेकाच्या एका प्रवेशासाठी जाऊन या. असं सांगितलं की जाणारा माणूस तयारीने जातो आणि रेंगाळणारा दुसरा अंक चालवून घेतो. उलट 'अप्रतिम' ऐकून गेलेला पहिल्या दहा मिनिटांतच हिशेब मागायला लागतो.

आणि नाटक सगळ्यांना सांगायचं नाही, एकेकाला सांगायचं. बावीस जणांना एकदम घेऊन गेलो ही माझी पहिली चूक होती. त्या बावीसांत तीन जण असे होते, की त्यांना ते नाटक आवडलं असतं. बाकीच्यांच्या खिदळण्यात तेही हसून मोकळे झाले.

म्हणून आता नावं सांगतो ती माणसांसकट सांगतो. यातले लेखक आज नवखे राहिलेले नाहीत, पण ही नाटकं आली तेव्हा त्यांची नावं घरोघरी पोचलेली नव्हती.

माझी मावशी ऐंशीची. आयुष्यभर कीर्तनं ऐकलेली, नाटकाचा कंटाळा. तिला मी प्राजक्त देशमुख या नाशिकच्या लेखकाचं 'संगीत देवबाभळी' दाखवलं. मूळची ही एकांकिका, २०१७ मध्ये तिचं पूर्ण नाटक झालं. तुकोबांची आवली भाकरी घेऊन डोंगराकडे निघते, तिच्या पायात काटा रुततो. काटा काढायला विठ्ठल येतो आणि पुढे गरोदर आवलीची काळजी घ्यायला रखुमाईला पाठवतो. रंगमंचावर दोनच बायका. एकीचा नवरा देवाच्या नादी लागलेला आणि दुसरीचा नवरा खुद्द देव. दोघींची तक्रार एकच. मावशी परत येताना रिक्षात गप्प होती. मग म्हणाली, "इतकी वर्षं आवली भांडखोर म्हणूनच ऐकली रे. तिला काय वाटत असेल, हे कुणी बुवाने सांगितलं नव्हतं." पुढे या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. पण माझ्या लेखी मावशीचं प्रशस्तिपत्र त्याहून मोठं.

पुतण्याने मोटारसायकलवर शिवाजी महाराजांचं मोठं चित्र लावलेलं आहे. त्याला मी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' बघायला नेलं. हे २०१२ चं. लेखक राजकुमार तांगडे, जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे. कल्पना आणि संगीत संभाजी भगतांचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं. महाराजांना न्यायला आलेला यम त्यांचे विचार हरवून बसतो आणि ते शोधत आजच्या वस्तीत येऊन पोचतो, अशी गंमत. नट बरेचसे गावाकडचे, शेतीत राबणारे. तांगडे यांनी त्याआधी विजेच्या चोरीवर 'आकडा' नावाचं नाटक लिहिलं होतं. आकडा म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ते नाटक वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुतण्या पहिल्या अर्ध्या तासात अस्वस्थ होता, हे मला अंधारातही कळत होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "काका, महाराजांवर याची दोन पुस्तकं द्या." मी तीन दिली.

शेजारचे एक गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांना मी दत्ता पाटील यांचं 'हंडाभर चांदण्या' सांगितलं. हेही नाशिकचं, दिग्दर्शक सचिन शिंदे. पाण्याच्या टँकरची वाट बघणारं गाव आणि ती वाट बघता बघता माणसांचं काय होतं, ते यात आहे. शेजाऱ्यांना ते फारसं आवडलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. म्हणाले, खात्याची बाजू आलेली नाही. मग रात्री साडेअकरापर्यंत त्यांनी मला खात्याची बाजू सांगितली. मला वाटतं, नाटक इतकं पोचलं तरी पुष्कळ झालं.

कॉलेजातली मुलं 'मराठी नाटक म्हणजे दिवाणखाना' असं म्हणाली, तर त्यांना मनस्विनी लता रवींद्र यांचं २०१६ चं 'अमर फोटो स्टुडिओ' सांगावं. आजची मुलं एका स्टुडिओत शिरतात आणि मागच्याच कुठल्या काळात जाऊन पडतात. आणि मुंबईत गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये कुणी नातेवाईक राहत असेल, तर त्याच्या हातात जयंत पवारांच्या 'अधांतर'ची प्रत ठेवावी. हे १९९७ चं. संपानंतर मोडून पडलेल्या एका गिरणी कामगाराच्या घरात ते घडतं. २०१० मध्ये त्यावर 'लालबाग परळ' हा सिनेमा निघाला. पवार २०२१ मध्ये गेले. ते नाटककार होते, तसेच नाट्यसमीक्षकही होते.

उद्या अशी नावं कुठून मिळतील, असं तुम्ही विचाराल. जाहिरातीच्या पानावर ती सहसा सापडत नाहीत. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा चालते. भरत नाट्य मंदिरात तिथल्या आरोळ्या ऐकून कान किटतात, आणि निम्म्या एकांकिका आदल्या वर्षी बक्षीस मिळालेल्या एकांकिकेसारख्या असतात. पण एखादा असा लिहिणारा दिसतो की पाच वर्षांनी तो पूर्ण नाटक घेऊन येणार, हे लक्षात येतं. त्याचं नाव लिहून ठेवावं. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्या जवळच्या केंद्रावर होते, तिथे तिकीट चहाच्या भावात असतं. गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धा आहेत. पुण्यात सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह. मुंबईत तर एकेकाळी दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार'ने अख्खी एक चळवळ उभी केली. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात नाटककार घडावेत म्हणून एक योजनाच चालवली, सतीश आळेकरांच्या कल्पनेतून. पण लेखक घडवायला संस्था लागते, तसा त्याला ऐकणारा लागतो. ती योजना तुम्हाआम्हालाच चालवावी लागते.

प्रयोगच होत नसेल तर? तर संहिता वाचावी, आणि एकट्याने वाचू नये. नाटककाराने चार माणसांत नाटक वाचून दाखवायचं, ही आपली जुनीच पद्धत आहे.

त्या जिन्यातल्या प्रसंगानंतर मी एक उद्योग केला. त्या काट्याच्या नाटकाच्या लेखकाचा नंबर शोधून काढला आणि त्याला फोन केला. म्हटलं, तुमचं नाटक आमच्या सोसायटीत वाचायचंय, परवानगी द्या आणि एक प्रत पाठवा. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, प्रत बहिणीच्या घरी माळ्यावर असेल, बघतो. दहा दिवसांनी कुरिअरने स्पायरल लावलेली झेरॉक्स आली. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, संवाद शाबूत होते.

गेल्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सोसायटीच्या ऑफिसात बसलो. चौदा माणसं. दुसऱ्या अंकातलं भाषण मी लेखकाला विचारून कापलं होतं. बापाचं काम पाटबंधारेवाल्या शेजाऱ्यांनी वाचलं, मुलाचं पुतण्याने. आईचे संवाद वाचायला कुणी तयार होईना, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई म्हणाल्या, "द्या इकडे." टोपीच्या प्रवेशात संवाद नाहीतच, नुसत्या कंसातल्या सूचना आहेत. त्या मी वाचल्या. शेजाऱ्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती, तरी त्यांचा हात वर गेला.

वाचन संपल्यावर थोडा वेळ कुणीच उठलं नाही. मग बाईंनी विचारलं, "काका, ह्यांचं दुसरं कुठलं नाटक आहे?"

मी म्हटलं, "अर्धं आहे. पहिलाच अंक."

"म्हणजे?"

मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "त्यालाच विचारा." त्या फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेल्या. आम्ही चहाचे कप गोळा केले, सतरंजी झटकून घडी घातली, तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. दाराशी गेलो तेव्हा एवढंच कानावर आलं, "अहो, ते सगळं ठीक आहे, पण तो अंक कधी पाठवताय ते सांगा."